राष्ट्र माना अथवा नका मानू, जन्माचा दाखला तरी माना

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांची परराष्ट्र मंत्रालये

विषय : नव्या राष्ट्रांना मान्यता नाकारण्याबाबत, आणि त्या नकाराचा भार कुणावर पडतो त्याबाबत

स. न. वि. वि.

मी परदेशातून शिकायला येऊ पाहणाऱ्या मुलांची कागदपत्रं तपासते. गुणपत्रिका, पदवी, जन्मदाखला, पासपोर्टची प्रत. शिक्का खरा आहे का, सहीखालचं नाव वाचता येतंय का, एका कागदावरचं आडनाव दुसऱ्या कागदाशी जुळतंय का, हे पाहायचं आणि फाईल पुढे सरकवायची. सतरा वर्षं हेच करते आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाशी माझा संबंध बातम्या वाचण्यापुरता होता.

गेल्या वर्षी प्रिश्टिनाच्या, म्हणजे सर्बियातून वेगळ्या झालेल्या कोसोवोच्या राजधानीतल्या, एका मुलीची फाईल आली आणि माझ्या टेबलावरच अडकली. आमच्या ऑनलाइन अर्जात 'जन्माचा देश' असा रकाना आहे. त्यावर क्लिक केलं की देशांची यादी उघडते. यादीत किरिबाती आहे, कुवेत आहे, त्यांच्या मधे कोसोवो नाही. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नाही, म्हणून तिने नाइलाजाने सर्बिया निवडलं. पासपोर्ट मात्र कोसोवोचा. संगणकाने दोन्ही ताडून पाहिलं आणि फाईलवर 'माहिती विसंगत' असा लाल शेरा मारला. तिच्या पदवीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला, शिक्का होता, अगदी नियमाप्रमाणे, पण तो कोसोवोच्या सरकारचा. कोसोवो २०१६ मध्ये अपोस्टिलच्या करारात आलं तेव्हा अनेक देशांनी लेखी हरकत नोंदवली होती, आणि हरकत घेणाऱ्यांच्या दृष्टीने तो शिक्का असून नसल्यासारखा. शिक्का चालत नसेल तर दूतावासाकडून साक्षांकन आणा, असं आमची नियमावली सांगते. जिथे मान्यताच नाही तिथे दूतावास कुठून यायचा?

नियमावलीतलं ते ठरलेलं पत्र मी तिला तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा तिने उलट एकाच ओळीत विचारलं : माझा जन्म कुठे झाला असं मी लिहिलेलं तुम्हाला चालेल?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या वरिष्ठांकडेही नव्हतं. ते तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकते. मान्यता द्यायची की नाही हा अधिकार तुमचाच आहे आणि तो तुमच्याकडून काढून घ्यावा असं मला वाटत नाही. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राष्ट्र कशाला म्हणावं याच्या चार खुणा दिल्या आहेत : कायम वस्ती करून असलेले लोक, ठरावीक भूभाग, सरकार, आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. राष्ट्राचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नसतं, असंही त्याच करारात पुढे लिहिलं आहे. वाचताना बरं वाटतं. पण समोरचा बोलायलाच तयार नसेल तर संबंध ठेवण्याची क्षमता दाखवायची कुणाला? संयुक्त राष्ट्रांकडे जावं, तर ती संघटना स्वतः कुणाला मान्यता देत नाही, फक्त सदस्य करून घेते. त्यासाठी सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं लागतात, पाच कायम सदस्यांपैकी एकानेही नकाराधिकार वापरता कामा नये, आणि मग आमसभेत दोन तृतीयांश बहुमत. सगळीकडून फिरून माणूस पुन्हा तुमच्याच दारात येतो.

ती फाईल अडकल्यापासून मी रात्री जेवण आटोपलं की वाचत बसायचे. कुणी कुणाला नाकारलं, आणि का. माझी समजूत अशी की नव्या राष्ट्राचं कशात तरी कमी पडत असणार. सरकार धड नसेल, सीमा पक्की नसेल. तसंही असतं, पण फार थोड्या वेळा. बहुतेक नकारांची कारणं नाकारणाऱ्याच्या स्वतःच्या घरात सापडतात.

कोसोवोचंच घ्या. १७ फेब्रुवारी २००८ ला तिथल्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने मान्यता दिली. सर्बियाने विरोध केला, रशिया आणि चीन सर्बियाच्या बाजूने राहिले. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. २२ जुलै २०१० ला न्यायालयाने मत दिलं की त्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झालेला नाही. कोसोवो हे राष्ट्र आहे की नाही यावर न्यायालय बोललं नाही, कारण ते विचारलंच नव्हतं. युरोपीय संघातले पाच देश आजही मान्यता देत नाहीत : स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया आणि स्लोव्हाकिया. स्पेनला कॅटलोनियाची आणि बास्क प्रांताची काळजी. सायप्रस बेटाचा उत्तर भाग १९७४ पासून तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे आणि १९८३ मध्ये त्या भागाने स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतलं. ग्रीस सायप्रसच्या पाठीशी उभा. रोमानिया आणि स्लोव्हाकियात हंगेरियन बोलणाऱ्या अल्पसंख्याकांची मोठी वस्ती. आज आपण तिकडे होकार दिला तर उद्या आपल्याच घरातलं कुणीतरी तोच होकार आपल्यापुढे धरेल, ही यातल्या बहुतेकांची भीती. ती मला खोटी वाटत नाही. कॅटलोनियाच्या विधिमंडळाने २७ ऑक्टोबर २०१७ ला स्वातंत्र्य जाहीर केलंच होतं, आणि जगातल्या एकाही देशाने ते मानलं नाही.

पण तुमच्या निवेदनांत ही भीती तिच्या नावाने कधी येत नाही. तिथे 'प्रादेशिक अखंडता' हा शब्द येतो. हा शब्द मी इतक्या वेळा वाचला की त्याचा अर्थच हाताला लागेनासा झाला. कोसोवोच्या वेळी रशियाने तो वापरला आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियाला मान्यता दिली. सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी कोसोवोला होकार दिला होता त्यांनी आता जॉर्जियाची प्रादेशिक अखंडता पुढे केली. आमच्याकडे एखाद्या अर्जदाराने दोन कागदांवर दोन वेगळ्या जन्मतारखा लिहिल्या तर आम्ही त्याला बोलावून घेतो आणि यातली खरी कोणती ते विचारतो. तुम्हाला कोण विचारणार?

हैतीबद्दल वाचलं त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. १ जानेवारी १८०४ ला तिथल्या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी स्वतः लढून आपलं राष्ट्र उभं केलं. वर सांगितलेल्या खुणांपैकी त्यांच्याकडे काय नव्हतं? भूमी होती, लोक होते, नेपोलियनच्या फौजेला हरवून बसवलेलं सरकार होतं. व्यापारही चालू होता. अमेरिकी जहाजं हैतीच्या बंदरांत येत-जात होती, साखर आणि कॉफी विकत घेत होती. मान्यता मात्र कुणी देईना. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी चालू होती. बंड करून मोकळ्या झालेल्या माणसांचा राजदूत वॉशिंग्टनमध्ये मानाने फिरताना आपल्या मळ्यांवरच्या गुलामांनी पाहिला तर काय होईल, ही धास्ती १८२६ मध्ये सिनेटच्या सभागृहात उघडपणे बोलून दाखवली गेली. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली १८६२ मध्ये. दक्षिणेची राज्यं संघराज्यातून फुटून निघाली होती, विरोध करायला सभागृहात ती उरलीच नव्हती, तेव्हा.

फ्रान्सने त्याआधी, १८२५ मध्ये दिली, पण फुकट नाही. राजा दहाव्या शार्लचा हुकूम घेऊन युद्धनौकांचा ताफा पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात आला. पंधरा कोटी फ्रँक द्या आणि मान्यता घ्या. ही रक्कम कशाची, तर फ्रेंच मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई. त्या नुकसानीत जमिनी होत्या आणि माणसंही होती. ज्यांना विकत घेतलं जायचं त्यांनीच, किंवा त्यांच्या मुलाबाळांनी, स्वतःची किंमत मालकाला चुकती करायची. पहिला हप्ता भरायला हैतीला फ्रेंच बँकेकडूनच कर्ज काढावं लागलं. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, तरी त्या रकमेपायी झालेल्या कर्जाची फेड विसाव्या शतकात, १९४७ पर्यंत चालली. मान्यतेचा कागद एवढा महाग पडलेलं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात आलं नाही. हैतीच्या आजच्या गरिबीला एकच कारण आहे असं मी म्हणत नाही, पण शाळा, रस्ते, दवाखाने यांना लागणारा पैसा शंभर वर्षांहून अधिक काळ दुसरीकडे जात राहिला, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा होता.

जुनी गोष्ट म्हणून ती बाजूला सारू नका. मान्यता अडवून धरायची आणि तिच्या बदल्यात काही पदरात पाडून घ्यायचं, हा व्यवहार पुढेही चालूच राहिला. बांगलादेशला भूतान आणि भारताने ६ डिसेंबर १९७१ ला मान्यता दिली, युद्ध सुरू असतानाच. दहा दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. त्यानंतर त्या भूमीवर दुसरं कुणाचं राज्य आहे अशी शंका घ्यायलाही जागा नव्हती. तरी २५ ऑगस्ट १९७२ ला पाकिस्तानच्या बाजूने असलेल्या चीनने सुरक्षा परिषदेत बांगलादेशच्या सदस्यत्वाविरुद्ध नकाराधिकार वापरला. बीजिंगचं सरकार परिषदेतल्या चीनच्या खुर्चीवर बसल्यानंतरचा तो पहिला नकाराधिकार. पाकिस्तानचे नव्वद हजारांहून अधिक युद्धकैदी भारतात होते आणि ते सुटेपर्यंत हा दरवाजा उघडायचा नाही असं ठरलं होतं. २२ फेब्रुवारी १९७४ ला लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या वेळी पाकिस्तानने मान्यता दिली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बांगलादेश संयुक्त राष्ट्रांत आला. चीनची मान्यता त्याच्याही नंतर, ३१ ऑगस्ट १९७५ ला. सुमारे सात कोटी माणसांचा देश. त्या तीन वर्षांत तो देश नव्हता, तर मग काय होता?

मॅसेडोनियाला तर नावासाठी थांबवलं गेलं. युगोस्लाव्हियातून बाहेर पडलेल्या प्रजासत्ताकांची पाहणी करायला युरोपीय समुदायाने कायदेपंडितांचा आयोग नेमला होता. जानेवारी १९९२ मध्ये त्या आयोगाने सांगितलं की मॅसेडोनिया अटी पूर्ण करतो. ग्रीसचं म्हणणं, हे नाव आमच्या उत्तरेकडच्या प्रांताचं आहे, ते कुणाला घेऊ देणार नाही. मान्यता अडली. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला तो 'पूर्वीचं युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया' अशा लांबलचक तात्पुरत्या नावाने, आणि ते तात्पुरतं नाव पंचवीस वर्षं चिकटून राहिलं. २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला, २०१९ मध्ये देशाचं नाव उत्तर मॅसेडोनिया झालं. ग्रीक माणसाच्या मनात त्या नावाबद्दल काय आहे, याची मला कदर आहे. पण एका नावाच्या वादात एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली.

आता ज्या कारणांचा मला आदर वाटतो त्यांच्याकडे वळते, कारण सगळ्या नकारांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं होईल.

आफ्रिकेतल्या राष्ट्रांनी जुलै १९६४ मध्ये कैरोला ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा मिळाल्या त्या मानायच्या. त्या सीमा युरोपीय सत्तांनी आखल्या होत्या, कित्येक ठिकाणी एकाच जमातीच्या मधून गेल्या होत्या, हे त्या नेत्यांना पुरेपूर माहीत होतं. तरीही त्यांनी त्या मानल्या, कारण एक रेघ हलवली की सगळ्याच हलतील. तीन वर्षांत नायजेरियात बियाफ्राने स्वातंत्र्य जाहीर केलं, युद्ध झालं, लाखो माणसं उपासमारीने गेली, आणि मूठभर देशांखेरीज कुणी बियाफ्राला मान्यता दिली नाही. तेव्हापासून त्या खंडात एक रीत पडली : ज्याच्यातून बाहेर पडायचं त्याची संमती आणा. इथिओपियाची संमती होती, म्हणून १९९३ मध्ये एरिट्रियाची वाट मोकळी झाली. दक्षिण सुदानला तर ज्याच्यातून तो बाहेर पडला त्या सुदानने स्वातंत्र्याच्या, म्हणजे ९ जुलै २०११ च्या, आदल्याच दिवशी मान्यता दिली आणि १४ जुलैला तो संयुक्त राष्ट्रांचा १९३ वा सदस्य झाला. सोमालीलँडकडे तो होकार नाही. १९६० मध्ये ते पाच दिवस स्वतंत्र राष्ट्र होतं, मग आपणहून सोमालियात सामील झालं, आणि मे १९९१ मध्ये पुन्हा वेगळं झालं. स्वतःचं चलन, स्वतःचा पासपोर्ट, स्वतःच्या निवडणुका. तीन दशकं संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने त्याला राष्ट्र मानलं नाही. मला हा नकार कठोर वाटतो, पण त्यामागचं कारण मी समजू शकते, आणि ते कारण निदान उघड्यावर मांडलेलं आहे.

आणखी एक नकार आहे ज्याच्या बाजूने मी स्वतः उभी राहीन. ११ नोव्हेंबर १९६५ ला ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारने ब्रिटनपासून स्वातंत्र्य घोषित केलं. लोकसंख्येच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असलेल्यांनी बाकीच्या सगळ्यांना सत्तेबाहेर ठेवण्यासाठी केलेली ती घोषणा होती. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने सांगितलं, याला मान्यता देऊ नका, आणि कुणीही दिली नाही. दक्षिण आफ्रिकेने १९७६ मध्ये ट्रान्सकाय नावाचं 'स्वतंत्र राष्ट्र' काढून कृष्णवर्णीयांना आपल्याच देशात परकं करायचा घाट घातला, तेव्हाही जगाने पाठ फिरवली. सोव्हिएत संघाने १९४० मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया गिळले ते अमेरिकेने पन्नास वर्षं मान्य केलं नाही, आणि १९९१ मध्ये ती राष्ट्रं परत उभी राहिली तेव्हा त्या नकाराचं मोल कळलं. नकार हे चांगलं हत्यार असू शकतं. ते तुमच्या हातातून घ्यावं असं म्हणणारी मी नव्हे.

पण त्याच ऱ्होडेशियातल्या एका बाईची हकिकत ऐका. तिथल्या उच्च न्यायालयाने तिचा घटस्फोट मंजूर केला होता. तो ब्रिटनमध्येही मानला जावा म्हणून १९७० मध्ये तिने लंडनच्या न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने पाहिलं, की निकाल देणाऱ्या न्यायाधीशाची नेमणूक स्वातंत्र्याच्या घोषणेनंतरची आहे आणि त्याने शपथ घेतली आहे ती राणीची नव्हे, बंडखोर सरकारच्या राज्यघटनेची. तेव्हा तो कायद्याच्या दृष्टीने न्यायाधीश नाही, आणि त्याने दिलेला घटस्फोट हा घटस्फोट नाही. ऱ्होडेशियाच्या राजधानीत, सॅलिस्बरीत ती बाई मोकळी, लंडनमध्ये तिचं लग्न अजून टिकलेलं. नकार ऱ्होडेशियाचा पंतप्रधान इयान स्मिथ याच्या सरकारला दिला होता. तो येऊन पडला एका बाईच्या संसारावर, जिचा त्या घोषणेशी काडीचा संबंध नव्हता.

पुढच्याच वर्षी, २१ जून १९७१ ला, हेगच्या न्यायालयाने नामिबियाच्या प्रकरणात मत दिलं. दक्षिण आफ्रिकेचा नामिबियावरचा ताबा बेकायदा आहे, इतर देशांनी तो मान्य करू नये, असं तर न्यायालयाने सांगितलंच. पण त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मी माझ्या वहीत उतरवून ठेवली आहे : या नकारामुळे नामिबियाच्या लोकांना आंतरराष्ट्रीय सहकार्याचे लाभ गमवावे लागू नयेत, सरकारची कृत्यं बेकायदा असली तरी जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी अवैध ठरवू नयेत, कारण त्यांकडे दुर्लक्ष केलं तर नुकसान तिथल्या रहिवाशांचंच होईल. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने २००१ मध्ये उत्तर सायप्रसच्या खटल्यात याच मताचा आधार घेतला.

पन्नास वर्षांहून जुनं मत आहे हे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या कायदे विभागाला ते तोंडपाठ असेल. मग ते माझ्या टेबलापर्यंत का पोचलं नाही?

मी शोधलं. आमच्या नियमावलीत मान्यता नसलेल्या प्रदेशातून आलेल्या जन्मदाखल्याचं काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. तुमच्याकडून खाली काही आलंच नाही, म्हणून खालच्या प्रत्येकाने आपल्या परीने सगळ्यात सुरक्षित ते केलं, आणि खिडकीमागे बसलेल्या माणसाला सगळ्यात सुरक्षित असतं ते नाही म्हणणं. मीही तेच केलं. सात आठवडे.

दुसरा रस्ता नाही असं कृपा करून सांगू नका, कारण तुमच्यातल्याच कित्येकांनी तो काढला आहे. स्पेन कोसोवोला राष्ट्र मानत नाही, पण जानेवारी २०२४ पासून कोसोवोच्या पासपोर्टवर आलेल्या माणसाला आत येऊ देतो. सर्बिया आणि कोसोवो यांच्यात तर गाड्यांच्या नंबरप्लेटवरून भांडण होतं. सीमेवर गाडी थांबवायची, प्लेटवरच्या राष्ट्रचिन्हावर पांढरा स्टिकर चिकटवायचा, मग पलीकडे जायचं. दोन्ही बाजूंनी तेच. त्याच जानेवारीपासून सर्बियाने कोसोवोच्या गाड्यांना स्टिकरशिवाय येऊ दिलं, आणि त्याने सर्बियाची भूमिका एका अक्षरानेही बदलली नाही. २०१६ च्या अखेरीला कोसोवोला ३८३ हा स्वतःचा दूरध्वनी क्रमांक मिळाला. तोवर तिथले मोबाइल मोनॅको आणि स्लोव्हेनियाच्या क्रमांकावर चालायचे, घरी आईला फोन लावायचा तर मोनॅकोचा कोड फिरवायचा. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये सदस्यत्व दिलं म्हणून माय्लिंदा केल्मेंडी २०१६ ला रिओमध्ये आपल्या झेंड्याखाली ज्युदोची मॅट चढली आणि सुवर्णपदक घेऊन उतरली. चार वर्षांपूर्वी लंडनला तीच मुलगी अल्बानियाकडून खेळली होती. या सगळ्यामुळे ज्यांनी मान्यता दिली नव्हती त्यांची मान्यता गृहीत धरली गेली, असं कुठे झालं?

तेव्हा मागणं एवढंच, की तुमच्या मंत्रालयाने एक पानाचं परिपत्रक काढावं. ज्या प्रदेशाला तुम्ही मान्यता देत नाही तिथल्या जन्म, मृत्यू, विवाह, घटस्फोट आणि शिक्षणाच्या दाखल्यांचं काय करायचं, हे त्यात साध्या शब्दांत लिहावं आणि ते विद्यापीठं, रुग्णालयं, न्यायालयं, बँका यांच्यापर्यंत पोचवावं. दाखला खोटा असेल तर खुशाल फेकून द्या. ते ओळखण्याचंच माझं काम आहे आणि मी ते नीट करते. तो खरा असेल तर निव्वळ त्यावरच्या शिक्क्यापायी तो नाकारू नये. आणि ज्यांना तुम्ही मान्यता देत नाही, त्यांना ती का देत नाही हेही लिहावं. घरातली भीती असेल तर भीती लिहा. शेजाऱ्याची मैत्री असेल तर मैत्री लिहा. सात कोटी माणसं तीन वर्षं थांबू शकतात, पण कशासाठी थांबलो आहोत हे कळण्याचा त्यांना हक्क आहे.

दाखला स्वीकारला की मागच्या दाराने मान्यता दिल्यासारखं होईल, ही शंका तुमचे कायदेतज्ज्ञ काढतील. तिचं उत्तरही आधीच देऊन ठेवलेलं आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्बिया आणि कोसोवो यांच्यात ठरलं की प्रादेशिक बैठकांत 'कोसोवो' या नावापुढे एक तारा छापायचा आणि तळटीप द्यायची : या नावामुळे दर्जाबद्दलच्या कुणाच्याही भूमिकेला बाध येत नाही. बैठकीच्या टेबलावर जो तारा चालतो, तो प्रवेश अर्जाच्या यादीत का चालू नये?

त्या मुलीची जागा गेल्या वर्षी हुकली. मुदत संपली तेव्हा तिची फाईल माझ्याच टेबलावर होती. यंदा पुन्हा अर्ज करणार असल्याचं तिने कळवलं आहे. अर्जाची खिडकी पुढच्या महिन्यात उघडेल. किरिबाती आणि कुवेत यांच्या मधे एक ओळ, तिच्यापुढे एक तारा आणि खाली तळटीप घालायला आमच्या संगणक विभागाला अर्धा दिवस लागेल, हे मी त्यांच्याकडे जाऊन विचारून आले आहे. त्यांना फक्त तुमच्याकडून आलेला एक लेखी कागद हवा आहे.

कळावे,

आपली,
कागदपत्र पडताळणी विभागातली एक कर्मचारी